ज्या पानावर जेवता येत नाही

मिलिंदची माय,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाघमारे उठला, माइक ठोकून पाहिला आणि म्हणाला, "मावशींना निसर्गाची फार आवड होती." मी पहिल्या खुर्चीवर पांढरा शर्ट घालून बसलो होतो. मला हसू आलं. मान खाली घालून हसलो, तर लोकांना वाटलं म्हातारा रडतो आहे. मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. तो झटकावा असं वाटलं, पण तू असतीस तर कोपर मारलं असतंस, म्हणून राहू दिला.

त्याच्यानंतर जे जे उठले त्यांनी तेच धरलं. एक मेंढरू वळलं की सगळी वळतात. मावशी आणि झाडं, मावशी आणि पानं, मावशी आणि फॉल कलर. एक बाई तर म्हणाली, हाइकला मावशी मागं राहायच्या आणि झाडांशी बोलायच्या. झाडांशी नाही बाई, माझ्याशी बोलायची. आणि काय बोलायची ते तुम्हाला कधी कळलं नाही, कारण तुम्ही पुढं चालत होता आणि बोलणं तुमच्याबद्दलच होतं.

वाघमारे मंडळाचा अध्यक्ष आहे म्हणून त्याने मला सांगितलं, काका, स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा. मी चौथी शिकलेला. तू सातवी. घरात लिहिण्याचं काम तुझं होतं, माझं अक्षर पाहून तू म्हणायचीस की कोंबडीनं उकरलं. आता तूच नाहीस तर दोन शब्द कोणाला लिहू? लोकांना लिहून काय करू? तुलाच लिहितो. प्रिया टाइप करून देणार आहे, काही सुधारायचं नाही या अटीवर. सून आहे, सुधारेलच.

इथं अमेरिकेत ऑक्टोबर आला की माणसांना कसं खूळ लागतं ते आपण दोघांनी बसून पाहिलेलं आहे. आपल्या मिलिंदचंच घे. शनिवारी कानाला डबे लावून ते फुंकायचं मशीन घेतो आणि अंगणातली पानं शिव्या घालत रस्त्याकडे हाकलतो. रविवारी तोच मिलिंद बायको-पोरीला गाडीत घालून तासभर लांब जातो, कशाला, तर पानं पाहायला. दारात पडलं तर कचरा, पार्कात पडलं तर सौंदर्य. हे पहिल्यांदा तूच बोललीस. मी नंतर ते माझं म्हणून खपवलं.

आणि ती माणसं. नवराबायको एकसारखे चौकटीचे शर्ट घालून येतात. पोरगं पानांच्या ढिगात टाकतात, त्याला वर पानं उडवायला सांगतात, ते रडतं, मग पुन्हा उडवायला सांगतात, कारण फोटोत रडकं आलं. कुत्र्याला स्वेटर. डांबरी रस्त्यासारखी गुळगुळीत वाट, आणि त्या वाटेवर आपला वाघमारे दोन्ही हातात दोन काठ्या घेऊन चालतो, जणू हिमालय चढतो आहे. तू म्हणाली होतीस, "अजी, याले चार पाय काहून लागले जी?" मला वाटेतच खाली बसावं लागलं होतं. प्रिया धावत आली, बाबांना चक्कर आली का म्हणून.

मला झाडांचं कौतुक कधी नव्हतं. चंद्रपुरात आयुष्यभर आरा मशीनवर लाकूड चिरलं. माझ्यासमोर झाड आलं की मला आधी त्याच्या फळ्या दिसतात. साग आला तर मान देतो, बिजा आला तर मान देतो. इथल्या मॅपलला मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं की हे नुसतं नटवं झाड आहे, याची खाटसुद्धा होणार नाही. मिलिंद म्हणाला, बाबा, तुम्ही रोज ज्या टेबलावर जेवता ते मॅपलचंच आहे. मग कितीतरी दिवस तू माझं ताट ठेवताना टेबलावर बोटांनी टकटक वाजवत होतीस. काही बोलली नाहीस. नुसती टकटक. अशी बाई म्हणे झाडांशी बोलायची.

लोकांना माहीत आहे ती एकच गोष्ट, पत्रावळीची. तीही ते चुकीची सांगतात. माइकवरसुद्धा चुकीचीच सांगितली, मावशींना म्हणे त्या लाल पानांचा मोह झाला. मोह कसला आलाय. तुला राग आला होता.

इथलं पहिलं वर्ष होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला की पुढच्या रविवारी मंडळाची हाइक असते, ही वाघमारेची कल्पना. चालून झालं की पार्कात लाकडी टेबलांवर सगळ्यांनी आणलेलं जेवण मांडायचं. आपण नवीन होतो. तू पाहिलंस, पायाखाली घोटाभर पानं आणि जेवण मात्र कागदाच्या थाळ्यांवर. जेवून झालं की थाळ्या काळ्या पिशवीत. तुझं तोंड उतरलं ते घरी येईपर्यंत. "एवढ्या पानात उभे राहून कागदावर जेवतात," तू म्हणालीस, "हे कसले लोक हाय जी." तुझ्या बापाच्या घरी लग्न निघालं की आठवडाभर पळसाच्या पत्रावळी लावायचं काम पोरींकडं असायचं. तू मला पसंत पडलीस तेव्हासुद्धा तुझ्या मांडीवर पानांचा ढीग होता आणि तू वर पाहिलं नव्हतंस.

दुसऱ्या वर्षी हाइकच्या आदल्या दिवशी आपण दोघं मिलिंदच्या घरामागच्या झाडीत गेलो. तू मोठी पानं चाचपून पाहिलीस. मॅपलचं पान फाटतं. ओकचं कडक, मोडतं. मग कुंपणाच्या कडेला एक झुडूप दिसलं, लालभडक, आणि एका देठाला तीन पानं. पळसाएवढी मोठी नाहीत, पण तीन. तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस, गावचं माणूस भेटल्यासारखी. म्हणालीस, "पाहा. पळसाले पानं तीनच." आणि मी, शहाणा, पुढं झालो आणि तोडून तोडून तुझ्या पदरात टाकली. हे कोणी सांगत नाही. सगळा दोष तुझ्यावर टाकतात. अर्धी पानं माझ्या हातची होती.

गॅरेजमध्ये बसून टूथपिकच्या काड्यांनी तू पत्रावळी लावल्या. पानं लहान, म्हणून काड्या जास्त लागल्या. तू पुटपुटत होतीस, मी पानं पुसून देत होतो. या देशात आल्यापासून तू इतकी खूश मला दिसली नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी पार्कात तू पिशवी उघडलीस आणि आपली नात मैत्री, तेव्हा शाळेत नुकती जायला लागलेली, दोन पावलं मागं सरकली आणि इंग्रजीत ओरडली. शाळेत शिकवतात म्हणे, तीन पानं दिसली की हात लावायचा नाही. पॉयझन आयव्ही. अंगावर फोड उठतात. सगळी मंडळी टेबलापासून अशी उठली जसा साप निघाला. वाघमारेने त्याच्या काठीच्या टोकाने पिशवी उचलून कचऱ्यात टाकली. काठीचा तेवढा एकच उपयोग झालेला मी पाहिला.

मग आपले हात सुजले. तुझे कोपरापर्यंत. माझं कुठंकुठं सुजलं, ते इथं लिहीत नाही, प्रिया टाइप करणार आहे. डॉक्टरीणबाईनं विचारलं की ही पानं कशाला तोडली, तर प्रियाने सांगितलं, यावर जेवायचं होतं. बाईनं तोंड फिरवलं. हसायला फिरवलं. तू सगळं पाहत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "ज्या जंगलात पानावर जेवता येत नाही ते काय जंगल जी? नुसता देखावा." तेव्हापासून तो आपला धर्म झाला, बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माच्या खालोखाल.

दर वर्षी हाइकला पोट्टे विचारायचे, "मावशी, आज जेवण कशावर?" आणि तू म्हणायचीस, "तुह्या टकल्यावर." सगळे हसायचे. त्यांना वाटायचं मावशी गमतीशीर आहेत. तू गंमत करत नव्हतीस. आपण दोघं मागं राहायचो, मुद्दाम, आणि पार्किंगपासून वरच्या कड्यापर्यंत एकेकाची सालं काढायचो. कोणाचा नवा बूट, कोणाचं जुनं पोट, कोण नदी पाहून उसासे टाकतं आणि घरी बेसिनची गळती काढत नाही. मिलिंदच्या घरात आपलं म्हणावं असं काय होतं? खोली पाहुण्यांची, टीव्ही त्यांचा, वेळ त्यांची. ती मागची वाट मात्र आपली होती. तिथं सबंध अमेरिका आपल्याला हलकी वाटायची.

आणि गेल्या वर्षी तू घोळ घातलास.

कड्याच्या अलीकडं वाट वळते तिथं ते झाड. बाकीच्यांपासून जरा बाजूला. तू बोलता बोलता थांबलीस. मला वाटलं दम लागला. तू वर पाहत होतीस. खाली केशरी, वर लाल, शेंड्याला अजून थोडं हिरवं राहिलेलं. मी तुझ्या बोलण्याची वाट पाहिली. म्हटलं आता ही काहीतरी टोमणा मारणार. तू म्हणालीस, "चांगलं हाय."

मी म्हटलं, काय चांगलं?

"झाड. झाड चांगलं हाय."

मला आधी वाटलं तू टिंगल करतेस. तुझा चेहरा पाहिला. टिंगल नव्हती. मी म्हटलं, आता तूही त्यांच्यातली झालीस, जा, चौकटीचा शर्ट घाल. तू म्हणालीस, चांगल्याला चांगलं म्हणू नये का. मी म्हटलं, गळायला आलेल्या पानात काय चांगलं, उद्या झाडू मारायला लागेल. तू म्हणालीस, "तुमाले त लाकूडच दिसते."

तिथंच आपण थांबायला हवं होतं. पण मी कधी थांबलो आहे? मी विचारलं, म्हणजे आता इथंच राहायचं म्हणतेस का? चंद्रपूरचं घर बंद पडलेलं, मी दर वर्षी म्हणायचो परत जाऊ, तू दर वर्षी म्हणायचीस नातीची शाळा संपू दे. तू माझ्याकडं असं पाहिलंस जसं तू मीठ मागितलंस आणि मला गूळ ऐकू आला. "मी झाडाचं बोलून राहिली, घराचं नाही," तू म्हणालीस. मी म्हटलं, एकच आहे. तू म्हणालीस, एकच कसं. गाडीत बसेपर्यंत, गाडीतून उतरेपर्यंत, रात्रीच्या भाजीपर्यंत तेच. मिलिंद आरशातून पाहत होता, त्याला वाटलं आपण त्याच्याच घराबद्दल भांडतो आहोत. शेवटी मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू तुझं झाड, आणि मग सांगतो. तू म्हणालीस, "पाहा. अन् मंग तोंड उघडा."

यंदा पानं रंगायच्या आत तू गेलीस. वाद अर्धा टाकून. तुझी सवयच होती, वाद रंगात आला की फोडणी घालायला उठायचीस. तेव्हा निदान स्वयंपाकघरातून आवाज तरी यायचा.

तर आता बाकाचं सांगतो. मंडळाने ठरवलं की पार्कात तुझ्या नावाचा एक बाक ठेवायचा. इथं तशी पद्धत आहे, मेलेल्या माणसाच्या नावाने बाक ठेवतात आणि त्यावर पितळेची पट्टी लावतात. पट्टीवर एक ओळ. वाघमारेने ओळ आणली, इंग्रजीत, तिला पानझडीचे दिवस फार प्रिय होते अशा अर्थाची. मिलिंदला आवडली. तो संध्याकाळी माझ्या खोलीत आला, पलंगाच्या काठावर बसला. एवढा मोठा माणूस, मॅनेजर की काय तो, पण बसला असा जसा लहानपणी ताप आला की बसायचा. म्हणाला, "बाबा, आईला फॉल आवडायचा ना?"

हो म्हटलं तर तू गेल्या वर्षीच जिंकलीस, आणि वर पितळेत. सातासमुद्रापलीकडं तू यांची झालीस, या पानांची, या चौकटीच्या शर्टांची, आणि मी एकटाच मागच्या वाटेवर राहिलो. नाही म्हटलं तर पोराजवळ काय राहतं? हाइकच्या फोटोतली हसरी आई. ती कशाला हसते आहे हे त्याला सांगू? तुझ्या जाकिटाला हसते आहे रे, असं सांगू? मी म्हटलं, रविवारी सांगतो.

रविवारी गेलो. पुढं वाघमारे, चार पायांनी. मी मागं. माझ्या बाजूला जागा रिकामी, आणि मी सवयीने त्या बाजूला मान वळवायचो. कोणाचंही साल निघेना. एका माणसाने कुत्र्याला स्वेटरच काय, वर गॉगल घातला होता, आणि मी नुसता पाहत राहिलो. इतकं आयतं समोर आलेलं आणि सांगायला कोणी नाही. तेव्हा मला जे झालं ते लिहीत नाही.

मग मैत्री मागं आली. आता माझ्या खांद्याएवढी झाली आहे, मराठी कळतं पण तोंडातून इंग्रजी निघतं. माझ्या बाजूनं चालायला लागली. मग वाघमारेच्या पाठीकडं पाहून हळूच म्हणाली, "आजोबा. चार पाय."

मी थांबलो. विचारलं, तुला कसं माहीत. ती म्हणाली, "आय हर्ड एव्हरीथिंग. एव्हरी इयर." आपल्याला वाटायचं की पोट्टीला काय कळतं. ती दर वर्षी आपल्या दोन पावलं पुढं चालायची, ते यासाठी. मी विचारलं, तुझ्या बापाला सांगितलंस का. नाही म्हणाली. म्हणाली, आजी त्याच्या जाकिटाला काय म्हणायची ते त्याला कळलं तर तो रडेल. आणि हसली, अगदी तुझ्यासारखी, ओठ मिटून, नाकातून.

आम्ही वळणावर आलो. मिलिंद आणि वाघमारे तिथं थांबले होते, बाकाची जागा पाहत. मी वर पाहिलं. तुझं झाड उघडं होतं. आठवडाभर वारा होता, एक पान राहिलं नव्हतं. खाली सगळा चिखलात भिजलेला तपकिरी कचरा. मी वर्षभर ज्याच्यासाठी तोंड बंद ठेवलं ते हे. वाघमारे म्हणाला, काका, आपण थोडं उशिरा आलो, नाहीतर काय दिसतं हे. जसं मला माहीत नाही.

मिलिंदने माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "लिही. तिला हे एक झाड चांगलं वाटलं. बाकी जंगल नाही."

वाघमारे घसा खाकरून म्हणाला, "काका, थोडं निगेटिव्ह वाटतं ते."

"ती निगेटिव्हच होती," मी म्हटलं.

मैत्री म्हणाली, "शी रिअली वॉज." आणि मिलिंद हसला, ग. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने ते दुसरीकडं फिरवलं. पोरगं आपलंच आहे, नुसतं पुढं चालायचं.

तर तसंच लिहिणार आहेत. या देशातलं एक झाड तुझ्या नावावर. जास्त देत नाही मी त्यांना. वाघमारे स्मरणिकेत काय छापतो ते त्याचं तो पाहील. जेवण पुन्हा कागदाच्या थाळ्यांवरच झालं. वरणाखाली कागद भिजून मांडीवर सांडलं, तुला कळवतो, म्हणजे तुझं समाधान होईल.

आणि वादाचं. झाडाला पानं नव्हती म्हणून तू जिंकलीस असं समजू नको. मी हरलो असंही नाही. सगळे पुढं गेल्यावर मी मागं थांबलो. पानं नाहीत तर काय पाहणार, खोड पाहिलं. हात लावून पाहिलं. सरळ आहे. कुठं गाठ नाही, पोकळी नाही. फळ्या चांगल्या निघतील.

पण मी आरा लावला नसता.

एवढ्यावर भागव. याच्यापुढं मी सरकणार नाही.